जात्याच्या ओवीखाली कोणता ठोका लावावा? (आणि तुमची आवडती इलेक्ट्रॉनिक मिश्रणे)

खसताटी | रात्री ११.२०

नमस्कार मंडळी,

धाग्याचे कारण आधी सांगते. १९८७ च्या दिवाळीत काकांनी काटोलजवळच्या आमच्या गावी आजीच्या जात्यावरच्या ओव्या ६० मिनिटांच्या कॅसेटवर भरून ठेवल्या होत्या. ही कॅसेट मागच्या वर्षी घर आवरताना सापडली. मी ती शहरातल्या एका दुकानात संगणकावर उतरवून घ्यायला दिली आणि आठ दिवसांनी मला एक अतिशय स्वच्छ फाइल मिळाली. त्या फाइलीत आजीचा आवाज होता. बाकी काहीच नव्हते. माझ्या पुतण्याला इलेक्ट्रॉनिक संगीताचा नाद आहे. त्याने उत्साहाने तिच्याखाली मिनिटाला १२० ठोक्यांचा हाऊसचा (क्लबात नाचायच्या इलेक्ट्रॉनिक संगीताचा) ताल लावून दिला. ऐकल्यावर असे वाटले, की सुटलेल्या एसटीच्या मागे आजी धापा टाकत पळते आहे.

पुतण्याला मी रागावले नाही, कारण अशी मिश्रणे मला स्वतःला मनापासून आवडतात. या विषयाची गोडी मला लागली ती चरणजित सिंग यांच्या 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट' या तबकडीमुळे. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वर्षानुवर्षे वाजवणाऱ्या या कलाकाराने १९८२ साली भैरवी, ललित, भूपाली, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग रोलँड कंपनीच्या तीन इलेक्ट्रॉनिक यंत्रांवर वाजवून ध्वनिमुद्रित केले. तबकडी तेव्हा फारशी कोणी विकत घेतली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा प्रकाशित झाल्यावर जगभरच्या रसिकांनी कान टवकारले, कारण शिकागोच्या फ्यूचर या गटाने ज्या 'अ‍ॅसिड ट्रॅक्स'मधून अ‍ॅसिड हाऊस हा प्रकार रूढ केला, तो १९८७ चा, म्हणजे आपल्या मुंबईतल्या कामानंतर पाच वर्षांनी आलेला. दोन्हीकडे यंत्र तेच होते, टीबी ३०३.

या यंत्राविषयी थोडे लिहिल्यावाचून मला राहवत नाही. एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवादकाला बासची साथ मिळावी, म्हणून ते १९८१ मध्ये बाजारात आले. बासचा आवाज मात्र त्यातून खऱ्यासारखा निघेना, म्हणून १९८४ मध्ये बंद झाले. त्यात सुरावट भरायची पद्धत मोठी मजेची आहे. आधी नुसते स्वर ओळीने भरायचे आणि नंतर, वेगळ्या फेरीत, त्यांचा काळ भरायचा. शिवाय कोणत्याही स्वरावर 'स्लाइड' लावली, की तो स्वर पुढच्या स्वरावर घसरत जातो. ज्याच्या कानात मींड बसलेली आहे, त्याला ही सोय हाताशी आल्यावर काय सुचेल हे उघड आहे. पाश्चात्त्य वादकाला जी सोय केवळ सजावटीची वाटली असेल, ती रागाच्या दृष्टीने मूळ गरजच होती.

तर माझे दोन प्रश्न आहेत. गाणे आणि यंत्र एकमेकांना न चिरडता एकत्र नांदतात, अशी तुमच्या आवडीची मिश्रणे कोणती, आणि ती तुम्हांला सापडली कशी? दुसरा प्रश्न शीर्षकात आहेच.

काळी दोन | रात्री ११.५८

खसताटीताई, माझे वय ७१ असून मी रिमिक्सचा चाहता नाही, हे आधीच नमूद करतो. आपण म्हणता ती तबकडी मात्र नातवाने ऐकवली होती आणि ती मी पूर्ण ऐकली. त्यात रागाचा विस्तार मोजका आहे, परंतु वर्ज्य स्वराला हात लागलेला नाही, आणि मालकंसाची गंभीर प्रकृती त्या वेगातही पुष्कळ प्रमाणात टिकली आहे. वादकाला राग माहीत होते, हे स्पष्ट ऐकू येते.

एक खुलासा मात्र करावासा वाटतो. या यंत्रांत एका आवर्तनाला सोळा घरे असतात, म्हणून ती तीनतालाशी जुळतात, असे पुष्कळ तरुण मंडळी सांगतात. ते खरे नव्हे. त्या सोळा घरांत ठोके चारच असतात आणि प्रत्येक ठोक्याचे चार भाग केलेले असतात. तीनतालाच्या सोळा मात्रांना टाळी असते, 'खाली' असते, म्हणजे ठोक्याऐवजी हात उचलायची जागा असते, समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, येण्याची ओढ असते. सोळा हा आकडा सारखा आला म्हणून दोन्ही गोष्टी एक होत नाहीत. तसे तर संत्र्यालाही फोडी असतात आणि लसणालाही पाकळ्या असतात.

मेट्रोत हेडफोन | सकाळी ९.१४

काळी दोन काका, उपमा आवडली.

मला नवे संगीत कसे सापडते, ते सांगतो. खापरी ते सीताबर्डी हा रोजचा प्रवास आणि कानात हेडफोन, एवढी माझी साधना. अ‍ॅपने पुढे केलेल्या याद्यांवर मी फार विसंबत नाही, कारण कालच्या आवडीसारखेच आज वाढत राहणे हा त्यांचा स्वभाव असतो. तर्री आवडली म्हटले, की पोहे न देता तर्रीच वाढत बसल्यासारखे ते होते. त्याऐवजी मी वंशावळ उलटी वाचतो. आवडलेल्या तुकड्यात कोणाचा तुकडा वापरला आहे ते शोधायचे, मग त्या मूळ तुकड्याकडे जायचे आणि तिथून आणखी मागे.

एक उदाहरण देतो. आफ्रिका बम्बाटा यांचे 'प्लॅनेट रॉक' १९८२ चे. त्यातली मुख्य सुरावट जर्मनीच्या क्राफ्टवेर्क या गटाच्या १९७७ मधल्या 'ट्रान्स युरोप एक्स्प्रेस'वरून आलेली आहे आणि तिच्याखाली टीआर ८०८ हे तालयंत्र वाजते. म्हणजे युरोपातल्या रेल्वेवरचे थंड, शिस्तबद्ध गाणे न्यूयॉर्कच्या वस्तीत पोहोचले आणि तिथे लोक त्यावर नाचू लागले. दुसरे उदाहरण 'द विन्स्टन्स' या गटाचे. त्यांच्या १९६९ च्या 'आमेन, ब्रदर' या गाण्यात ड्रम एकटाच वाजतो, असा जेमतेम सहा-सात सेकंदांचा तुकडा आहे. पुढे इंग्लंडमधल्या जंगल आणि ड्रम अँड बास या प्रकारांचा बराच डोलारा त्या तुकड्याचा वेग वाढवून आणि त्याचे बारीक काप करून उभा राहिला. अशी एक वंशावळ पुरती वाचली, की महिनाभराचे ऐकणे सहज निघते.

या पद्धतीने मागे जात असताना मला अहमदाबाद सापडले. तिथल्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली 'मूग' बनावटीचा सिंथेसायझर, म्हणजे विजेवर आवाज घडवणारे यंत्र, आला होता आणि अमेरिकी संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी तिथला स्टुडिओ उभारायला मदत केली होती. गीता साराभाई, आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा आणि जिनराज जोशीपुरा यांनी त्या यंत्रावर केलेल्या रचनांच्या फिती संस्थेच्या संग्रहात पडून होत्या. ब्रिटिश कलावंत पॉल पर्गस यांनी त्यांचा माग काढला आणि २०२३ मध्ये त्यांतल्या निवडक रचना प्रकाशित झाल्या. गीता साराभाई म्हणजे १९४६ मध्ये न्यूयॉर्कला अमेरिकी संगीतकार जॉन केज यांना भारतीय संगीत शिकवणाऱ्या. या रचनांत नाचण्याजोगा ताल शोधू नका; यंत्रातून आवाज निघतो तरी कसा, हे कुतूहल त्यांत ऐकू येते. रात्री दिवे मालवून ऐकाव्यात, अशी माझी शिफारस आहे.

पॅडवाला | दुपारी २.०५

ताई, तुमच्या शीर्षकातल्या प्रश्नाचे उत्तर मी देऊन पाहतो. मी गेली सतरा वर्षे धुमालमध्ये पॅड वाजवतो. नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, की धुमाल म्हणजे गाडीवर चढवलेला ताफा. जनरेटर, कर्णे, कीबोर्ड, आठ चौकोनांचे ऑक्टोपॅड, ढोल आणि ताशा असा आमच्या ताफ्याचा थाट असतो. मुंबईकडे जसे बेंजो पथक आणि पुण्याला जसे ढोल-ताशा पथक, तसे आमच्याकडे धुमाल आणि संदल. ताजबाग दर्ग्याच्या उरुसात चंदनाचा लेप मिरवत नेतात त्याला संदल म्हणतात, आणि त्या मिरवणुकीचे वाजवणेच पुढे लग्नात, गणपतीत शिरले. मारबतीच्या, म्हणजे पोळ्यानंतरच्या पुतळ्यांच्या मिरवणुकीच्या, दिवशी इतवारी आणि महालच्या गल्ल्यांत आम्ही वाजवतो, तेव्हा पुढे काळी मारबत, मागे बडगे, आणि अर्ध्या तासात आम्ही भजन, कव्वाली, चित्रपटगीत आणि भीमगीत यांच्यावरून न थांबता जातो. आम्ही याला रिमिक्स म्हणत नाही. आम्ही याला 'गाणे जोडणे' म्हणतो.

आता मुद्दा. तुमच्या पुतण्याने जो ताल लावला, त्यात दर ठोक्याला एकसारखा बास पडतो. आपल्या बहुतेक गाण्यांचा ठेका केरव्याचा, आठ मात्रांचा असतो. धा गे ना ति, न क धि न. हे तोंडाने म्हणत डावा हात मांडीवर ठेवून पाहा. 'धा'ला आणि 'गे'ला डग्गा बोलतो. 'ना ति न क' या चार मात्रा डग्गा गप्प बसतो. 'धि'ला परत बोलतो. ती मधली चार मात्रांची शांतता म्हणजे ठेक्याचा श्वास आहे. यंत्राचे चार ठोके या आठ मात्रांवर बसवले, तर ते पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या आणि सातव्या मात्रेवर येतात. पैकी तिसरा ठोका, म्हणजे पाचवी मात्रा, बरोबर 'खाली'वर आदळतो. जिथे हात उचलायचा तिथेच तुम्ही हातोडा मारता, आणि मग गाणारा पळतो आहे असे वाटू लागते.

म्हणून मी पॅडवर बास वाजवताना तिसरा ठोका गाळतो. नाचणारे कमी होत नाहीत, उलट त्या मोकळ्या जागेत त्यांचे खांदे हलतात. कीबोर्डवाल्या भाऊने सुरुवातीला मला वेड्यात काढले होते. आता मी चुकून तो ठोका मारला, तर तो मागे वळून पाहतो.

दादरा असेल तर रीत वेगळी. त्याच्या मात्रा सहा. तिथे चार ठोक्यांचा चौकोन लावायचा असेल, तर दर ठोक्याच्या पोटात तीन मात्रा बसवाव्यात, म्हणजे चार ठोक्यांत दादऱ्याची दोन आवर्तने पुरी होतात आणि ठोका आळीपाळीने सम आणि खाली यांवर पडतो. खालीवरचा ठोका हलका करावा. सहाच्या मात्रा ओढून-ताणून आठ केलेल्या मी पुष्कळ ऐकल्या आहेत. त्या ऐकताना दुसऱ्याच्या मापाची चप्पल घालून चालल्यासारखे वाटते.

तर्रीपोहे | दुपारी ३.३१

पॅडवाले भाऊ, ऑफिसात बसून मांडीवर केरवा वाजवून पाहिला आणि शेजारच्या सहकाऱ्याने तब्येत विचारली. मग माझ्या फोनमधल्या तीन रिमिक्सांना हीच कसोटी लावली. ज्या दोन गाण्यांचा मला पाचव्या मिनिटाला कंटाळा येत असे, त्यांत तिसरा ठोका होता. तिसरे गाणे मी दोन वर्षे ऐकतो आहे आणि त्यात तो नाही. मला आवडीचे कारण आजवर ठाऊकच नव्हते.

कळमनाकर | सायंकाळी ६.४८

कामासाठी पुण्यात राहतो, मन मात्र नागपुरात आहे. शिफारशी करण्याआधी पॅडवाल्या भाऊंना एक जोड देतो. रिमिक्सच्या इतिहासात माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा माणूस नाचगाण्याच्या क्लबातला नसून दुरुस्तीच्या टेबलावरचा आहे. जमैकाच्या किंग्स्टन शहरातला किंग टबी हा मुळात रेडिओ आणि ध्वनियंत्रणा दुरुस्त करणारा तंत्रज्ञ. तिथे तबकडीच्या दुसऱ्या बाजूला गायकाविना 'व्हर्जन' देण्याची पद्धत होती. टबीने ते व्हर्जन मिक्सरवर घेतले, गायकाचा एखादाच शब्द मधूनच येऊ दिला, त्याला लांबवर घुमत सोडले, आणि ढोल-बास कधी समोर आणले तर कधी एकदम नाहीसे केले. यालाच डब म्हणतात. त्याने गाण्यात भर घातली नाही. त्याने गाण्यातून काढून घेतले. गाळलेला तिसरा ठोका त्याच जातीचा आहे.

आपल्याकडच्या मंडपवाल्याच्या एको मशीनवर मी लहानपणी हसत असे. 'हॅलो, हॅलो, माईक चेक' यातला 'चेक' फुटाळा तलावापर्यंत घुमत जात असे. डब ऐकल्यानंतर मी त्या काकांना मनातल्या मनात नमस्कार केला.

माझ्या आवडी पुढीलप्रमाणे. तलविन सिंग यांचा 'ओके' हा १९९८ चा संग्रह, ज्याला पुढच्या वर्षी मर्क्युरी पारितोषिक मिळाले. तबल्याचे बोल आणि ड्रम अँड बासचे कापलेले ताल एकाच माणसाच्या हातून आल्यामुळे दोघांत सवतासुभा जाणवत नाही. त्याआधीचे, १९९७ चे 'अनोखा' हे संकलनही ऐकावे, कारण लंडनमधल्या आशियाई मुलांनी स्वतःसाठी काय उभे केले ते त्यात एकत्र मिळते. दिल्लीच्या मिडिव्हल पंडित्झ यांचे २००२ चे पहिले काम आणि कर्श काळे यांचा २००१ चा 'रियलाइझ' ही माझ्या महाविद्यालयीन दिवसांची सोबत. न्यूक्लियाचा २०१५ चा 'बास रानी' तर वरातीच्या रस्त्यावरच्या आवाजाला लाजत नाही, म्हणून तो मला प्रिय आहे. पुण्यातच घडलेल्या ऋत्विझचे २०१७ मधले 'उड गये' हे गाणे पॅडवाल्या भाऊंनी आपल्या कसोटीवर घासून पाहावे, अशी विनंती आहे.

काळी दोन | रात्री ८.१०

पॅडवाले यांचे विवेचन वाचून आनंद झाला. मी ज्या वाजवण्याला आजवर सरसकट गोंगाट म्हणत आलो, त्यात खालीचे भान राखणारे वादक आहेत, हे मला ठाऊक नव्हते. तक्रार मात्र पूर्णपणे मागे घेत नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातलेली आहे. आमच्या गल्लीतून मिरवणूक जाते तेव्हा कपाटातले स्टीलचे डबे आपापला ठेका धरतात, आणि त्यांना खालीचे भान नसते.

पॅडवाला | रात्री ८.२२

काका, बरोबर आहे. आवाज किती ठेवायचा हे वाजवणारा ठरवत नाही, पैसे देणारा ठरवतो. आमचा कीबोर्डवाला कानात कापूस घालून वाजवतो.

कलम बावन्न | रात्री ९.४०

धाग्यात स्वतः रिमिक्स करणारे दिसतात, म्हणून हक्कांविषयी थोडक्यात. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे असतो. शब्द आणि चाल यांवरचा हक्क मात्र वेगळा, तो कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चालतो. तेव्हा तबकडी जुनी झाली म्हणून गाणे मोकळे झाले, असे समजू नये. २०१२ च्या दुरुस्तीने असेही ठरले, की एखाद्या गाण्याचे पहिले ध्वनिमुद्रण ज्या वर्षी झाले ते वर्ष संपल्यावर पाच वर्षे होईपर्यंत त्याची नवी आवृत्ती कायदेशीर परवान्याच्या वाटेने काढता येत नाही. खसताटीताईंच्या ओव्या लोकपरंपरेतल्या आणि ध्वनिमुद्रण घरचे. त्यांनी निदान काकांची परवानगी तरी घ्यावी.

खसताटी | चार दिवसांनी, रात्री १.०५

उशिराबद्दल क्षमस्व. पॅडवाल्या भाऊंचा प्रतिसाद वाचल्यावर मी ठेका शोधायला बसले आणि तेव्हा लक्षात आले, की आजीच्या ओवीला केरवाही नाही आणि दादराही नाही. मग ती कशाच्या आधाराने गात होती? उत्तर समोर होते आणि फाइलीत नव्हते. ती जात्याच्या आधाराने गात होती, आणि दुकानातल्या माणसाने जात्याची घरघर म्हणजे खरखर समजून ती सॉफ्टवेअरने पुसून टाकली होती. दोष एकट्या त्याचा म्हणवत नाही. 'स्वच्छ करून द्या' असे मीच सांगितले होते.

तेव्हा मूळ कॅसेट परत काढली. एका मित्राकडून जुना डेक आणला आणि त्याने सांगितल्याप्रमाणे फीत वाचणाऱ्या हेडजवळचा बारीक स्क्रू केसभर फिरवत गेले. हेड तिरके असेल, तर वरचे स्वर गढूळ येतात. एका ठिकाणी स्क्रू आला आणि अचानक बांगड्यांचा आवाज उघडला. घरातल्या कोणालाच आठवत नव्हते, की दळताना आजीच्या हातात काचेच्या बांगड्या असत. फाइल या वेळी जशीच्या तशी ठेवली, काहीही पुसले नाही.

नंतर जात्याच्या फेऱ्या मोजल्या. आजी एका लयीत असते तेव्हा एक फेरी साधारण दीड सेकंदाची पडते, म्हणजे मिनिटाला ४० फेऱ्या. पुतण्याचे १२० बरोबर याच्या तिप्पट होते, त्यामुळे गणित त्याचे अगदीच चुकले नव्हते. परंतु जात्यात वैरण (दळायचे मूठभर धान्य) घालायची वेळ आली, की खुंटा एका हातात उरतो, फेरी दोन सेकंदांपर्यंत लांबते आणि ओवीचा चरणही तिथे लांबतो. पुढे पीठ पडू लागले, की दोन्ही पुन्हा सावरतात. आजी यंत्राच्या मागे पळत नव्हती. यंत्रच जात्याची वाट न पाहता पुढे निघून जात होते.

म्हणून ताल निश्चित न ठेवता मी प्रत्येक फेरीवर एकेक खूण केली. एकूण ३१२ खुणा झाल्या, दोन रात्री गेल्या. सॉफ्टवेअरला सांगितले, की या खुणांवरून तू तुझा वेग ठरव. पहिल्या तीन मिनिटांत ठोका अजिबात नाही. फक्त जाते, बांगड्या आणि ओवी. चौथ्या मिनिटाला फेरीच्या सुरुवातीला एक मऊ, खोल बास येतो आणि वैरण घालताना तोही थांबतो. वरून कूलरसारखी एक संथ घरघर धरली आहे. खोटे कशाला सांगू, ती खरोखर आमच्या कूलरचीच आहे, खिडकीबाहेर फोन धरून घेतलेली. एप्रिलच्या रात्री नागपुरात तानपुऱ्याला एवढे सहज साधन दुसरे मिळत नाही.

या कामाच्या ओघात जात्यावरच्या ओव्यांचा हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी उभा केलेला प्रचंड संग्रहही सापडला. त्यात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत, आणि तो आता 'परी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) या संकेतस्थळावर ऐकता-वाचता येतो. माझ्या पहिल्या प्रश्नाचे, म्हणजे कोणती गोष्ट कशी सापडली याचे, हे माझ्यापुरते उत्तर.

काळी दोन | सकाळी ६.३०

आपण दुव्यावर ठेवलेली फाइल दोनदा ऐकली. एक सूचना करतो. आपला बास काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात, आहे आणि आजींचा षड्ज काळी एकपेक्षा किंचित चढा आहे. कॅसेटची गती थोडी वेगळी असेल किंवा त्या तशाच गात असतील, मला सांगता येणार नाही. त्यांचा स्वर खाली ओढू नये. आपल्या यंत्राचा स्वर वर न्यावा. बांगड्यांच्या जागी एकही वाद्य आणू नये.

खसताटी | सकाळी ७.१५

काका, केले. कूलर मात्र वर चढत नाही, तो आहे तिथेच राहील.

पॅडवाला | सकाळी ११.४४

ताई, ऐकले. मी यावर पॅड वाजवणार नाही, एवढेच सांगतो. माझ्याकडून ही दाद समजावी. एक विचारायचे होते. कॅसेट ६० मिनिटांची, म्हणजे एका बाजूला ३० मिनिटे. तुम्ही एकाच बाजूविषयी लिहिले आहे. दुसऱ्या बाजूला आणखी ओव्या आहेत काय?

खसताटी | दुपारी १२.२०

होत्या. परंतु दिवाळीनंतर काही दिवसांतच, ३१ ऑक्टोबरला, आपल्या इथल्या व्हीसीएच्या (विदर्भ क्रिकेट संघटनेच्या) मैदानावर भारत आणि न्यूझीलंड यांचा विश्वचषकातला सामना होता, आणि काकांनी त्या बाजूवर रेडिओवरचे समालोचन भरून घेतले. चेतन शर्माची हॅटट्रिक आणि गावसकरांच्या नाबाद १०३ मधला काही भाग आमच्याकडे सुरक्षित आहे, त्याखालच्या ओव्या नाहीत. काकांना काल विचारले तर ते म्हणाले, की आजीनेच सांगितले होते, भर बाबा, मी काय उद्याही दळणारच आहे.

पॅडवाला | दुपारी १२.२६

हॅटट्रिकच्या वेळचा प्रेक्षकांचा आवाज असेल तेवढा तुकडा मला पाठवा. मारबतीला एका गाण्यावरून दुसऱ्यावर जाताना लागेल.